वर्गाचं दार आता बंद होत नाही

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात शिकवणाऱ्या काश्मिरी प्राध्यापकांनी ऑगस्ट २०२२ मध्ये व्हॉट्सॲपवर स्टेटस ठेवलं. ५ ऑगस्ट हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस, ३७० कलम हटवल्याचा आम्हाला आनंद नाही, आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा, असा त्यातला मजकूर. ते पालक आणि शिक्षकांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये होते. हातकणंगले पोलीस ठाण्यात त्यांच्यावर भारतीय दंड संहितेच्या १५३-अ कलमाखाली, म्हणजे समाजगटांत तेढ वाढवल्याचा गुन्हा दाखल झाला. एप्रिल २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो रद्द करायला नकार दिला. अखेर ७ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्या खंडपीठानं गुन्हा रद्द केला. सरकारच्या निर्णयावर टीका करण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे, असं निकालात स्पष्ट म्हटलं आहे. त्यासाठी न्यायमूर्तींनी आधार घेतला तो न्या. व्हिव्हियन बोस यांच्या कसोटीचा. स्वातंत्र्यापूर्वी नागपूरच्या उच्च न्यायालयात त्यांनी सांगून ठेवलं होतं की, शब्दांचा परिणाम विवेकी आणि खंबीर मनाच्या माणसांवर काय होईल ते पाहायचं. दुबळ्या, डळमळीत मनाच्या माणसांवर काय होईल ते नाही.

व्हॉट्सॲपचं स्टेटस चोवीस तासांत आपोआप नाहीसं होतं. या प्राध्यापकांच्या मागचा ससेमिरा दीड वर्षाहून जास्त काळ टिकला.

तंत्रज्ञानामुळे उच्च शिक्षण बदलतंय असं आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर स्मार्ट बोर्ड, ऑनलाइन लेक्चर, चॅटजीपीटी येतं. त्याहून खोलवरचा बदल वेगळ्याच ठिकाणी होतोय. शिक्षक बोलतो ते कोण ऐकतं, ते किती काळ टिकतं, आणि ते थांबवण्याचं बटण कुणाच्या हातात आहे, हे सगळं गेल्या दहा-पंधरा वर्षांत पालटलं आहे. शैक्षणिक स्वातंत्र्याचा प्रश्न तिथून सुरू होतो.

शैक्षणिक स्वातंत्र्य म्हणजे शिक्षकाला काहीही बोलायची मोकळीक, असा एक गैरसमज आहे. गणिताच्या शिक्षकानं तास सोडून राजकीय भाषण करावं, असा त्याचा अर्थ कुणीच लावत नाही. आपल्या विषयात काय शिकवायचं आणि कसं शिकवायचं हे ठरवण्याची मुभा, कशावर संशोधन करायचं आणि ते छापायचं याची मुभा, आणि वर्गाबाहेर एक नागरिक म्हणून किंवा आपल्याच संस्थेच्या कारभाराबद्दल बोलण्याची मुभा, एवढं त्यात येतं. अमेरिकेतल्या प्राध्यापकांच्या संघटनेनं १९४० साली महाविद्यालयांच्या संघटनेबरोबर बसून हे लिहून काढलं. युनेस्कोनं १९९७ मध्ये जगभरच्या उच्च शिक्षणातल्या शिक्षकांसाठी अशाच शिफारशी केल्या. आपल्या राज्यघटनेत शैक्षणिक स्वातंत्र्य अशा नावाचा वेगळा हक्क नाही. आहे तो १९(१)(अ) कलमातला, सर्व नागरिकांना मिळालेला अभिव्यक्तीचा हक्क. तो प्रामुख्यानं सरकारविरुद्ध मागता येतो. खासगी संस्थाचालकानं नोकरीवरून काढलं तर त्याचा आधार फारच तोकडा पडतो.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. र. धों. कर्वे मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवत. संततिनियमनाचा प्रचार ते कॉलेजबाहेर, स्वतःच्या वेळात आणि स्वतःच्या पैशानं करत होते. तरीही तो प्रचार किंवा नोकरी यांतलं एक निवडायची वेळ त्यांच्यावर आली आणि १९२५ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. दोन वर्षांनी त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं. शंभर वर्षांपूर्वीही प्राध्यापकाच्या वर्गाबाहेरच्या बोलण्याची किंमत त्याच्या नोकरीतून वसूल होत होती. पण त्यासाठी कर्व्यांना जाहीर प्रचार करावा लागला, संस्थेच्या नजरेत यावं लागलं. वर्गातलं बोलणं सहसा वर्गातच राहायचं.

मला यातली मुख्य गोष्ट ही वाटते: आपल्या महाविद्यालयांत शिक्षकाचं स्वातंत्र्य कागदावर फारसं कधीच नव्हतं. ते टिकलं कारण वर्गाला दार होतं. तास सुरू झाला की दार लोटलं जायचं, आणि आतलं बोलणं ऐकणारी पन्नास-साठ मुलं बाईंना किंवा सरांना वर्षभर ओळखत असायची. एखादं वाक्य वावगं गेलं तर दुसऱ्या दिवशी ते दुरुस्त करता यायचं. हे संरक्षण कुठल्या नियमानं दिलेलं नव्हतं, त्यामुळे ते गेलं तेव्हा कुणाला तक्रारही करता आली नाही.

त्याचा सर्वात थेट अनुभव येतो तो वर्गातल्या फोनमुळे. समजा, राज्यशास्त्राच्या तासाला प्लेटो शिकवायचा आहे. प्लेटो लोकशाहीच्या विरोधात होता. चांगला शिक्षक त्याची बाजू पडेल आवाजात मांडत नाही. तो प्लेटोचा वकील होऊन उभा राहतो. जहाज चालवायला कुशल तांडेल लागतो, मग राज्य चालवायला मतांची बेरीज कशी पुरेल, असं तो मुलांना विचारतो. वीस मिनिटं तो लोकशाहीवर असे घाव घालतो की पुढच्या बाकावरची मुलं अस्वस्थ होतात. मग तो थांबतो आणि म्हणतो, आता हे खोडून काढा. आपल्याकडे शास्त्रार्थाची हीच रीत होती. आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं त्याच्याहूनही चांगलं मांडून दाखवायचं, मग त्याला उत्तर द्यायचं. आता त्या वीस मिनिटांतले पस्तीस सेकंद कापून कुणी पुढे पाठवले तर? त्या पस्तीस सेकंदांत लोकशाहीची टिंगल करणारा एक सरकारी पगारदार दिसतो. क्लिप बनावट नसते. शब्द त्याचेच, आवाज त्याचाच. फक्त उत्तरपक्ष कापलेला असतो.

जून २०२३ मध्ये कोल्हापुरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मानवी मूल्यांच्या तासाला भेदभावावर चर्चा चालली होती. बलात्काऱ्याला जातधर्म नसतो, अशा आशयाचं शिक्षिका बोलल्या. वर्गातलं रेकॉर्डिंग बाहेर फिरलं आणि त्यांना रजेवर जावं लागलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्यात हिंदीच्या तासाची क्लिप पसरली, देवदेवतांचा अपमान झाल्याची तक्रार झाली, प्राध्यापक निलंबित झाले आणि पोलिसांत गुन्हाही दाखल झाला. हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत टेक्सस ए अँड एम विद्यापीठात २०२५ च्या उन्हाळी सत्रात बालसाहित्याच्या वर्गात लिंगभावावरची चर्चा एका विद्यार्थिनीनं फोनवर टिपली. सप्टेंबरमध्ये तो व्हिडिओ राजकारण्यांच्या हाती लागला आणि शिकवणाऱ्या बाईंना नोकरी गमवावी लागली. त्याच वादात काही दिवसांनी विद्यापीठाचे अध्यक्षही पायउतार झाले.

अशा घटना मोजक्या असतात, त्यात काय एवढं, असं म्हणणारे भेटतात. पण परिणाम मोजायचा तो निलंबित झालेल्या शिक्षकांच्या संख्येवरून नाही. बाकीच्या हजारोंनी दुसऱ्या दिवशी वर्गात काय बोलायचं टाळलं, त्यावरून तो मोजावा लागतो, आणि त्याची नोंद कुठेच होत नाही. अभ्यासक्रमात जातिव्यवस्था आहे, फाळणी आहे, विवेकवाद आहे. शिक्षक पुस्तकातला उतारा वाचून दाखवतो, प्रश्नोत्तरं लिहून देतो आणि पुढे सरकतो. परीक्षेला काही कमी पडत नाही. मुलांना मात्र त्या विषयावर विचार कसा करायचा ते कधीच पाहायला मिळत नाही.

म्हणून वर्गात फोनवर बंदी घाला, असं मी म्हणणार नाही. आयआयटी खरगपूरच्या एका ऑनलाइन वर्गात एप्रिल २०२१ मध्ये शिक्षिकेनं अनुसूचित जाती-जमातींच्या आणि अपंग विद्यार्थ्यांच्या तयारी वर्गातल्या मुलांना अत्यंत अपमानास्पद भाषेत शिव्या दिल्या. त्याचा व्हिडिओ बाहेर आला म्हणूनच निलंबन झालं. रेकॉर्डिंग नसतं तर त्या मुलांवर कुणी विश्वास ठेवला असता? वर्गाच्या बंद दारानं नव्या विचारांना संरक्षण दिलं, तसं ते जातीवरून घालूनपाडून बोलणाऱ्यांनाही दिलं, हे दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना विचारलं तर ते सांगतील. त्यामुळे फरक नीट करायला हवा. विद्यार्थ्याचा अपमान करणं आणि विद्यार्थ्याला न पटणारा विचार मांडणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिलीसाठी पुरावा लागतोच. दुसरीला पुराव्याची गरज नसते, कारण तिथे गुन्हाच नसतो. आज दोन्ही क्लिप एकाच ग्रुपवर, एकाच वेगानं फिरतात आणि प्राचार्यांच्या टेबलावर एकाच प्रकारच्या तक्रारीसारख्या येऊन पडतात.

टाळेबंदीत, मार्च २०२० नंतर, वर्ग पूर्णच पडद्यावर गेले. तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. वर्गाची इमारत महाविद्यालयाची असते, पण झूम किंवा गूगल मीटवरचा वर्ग त्या कंपनीच्या जागेत भरतो, आणि जागेचे नियम कंपनी ठरवते.

सॅन फ्रान्सिस्को स्टेट विद्यापीठात २३ सप्टेंबर २०२० रोजी ऑनलाइन चर्चासत्र ठरलं होतं. वक्त्यांमध्ये पॅलेस्टिनी नेत्या लैला खालिद होत्या. १९६९ च्या विमान अपहरणात त्यांचा सहभाग होता आणि त्यांची संघटना अमेरिकेच्या दहशतवादी यादीत आहे. विद्यापीठानं कार्यक्रमाला हरकत घेतली नव्हती. झूमनं मात्र आपली सेवा नाकारली. फेसबुक आणि यूट्यूबनंही दार लावून घेतलं. याचा निषेध करायला दुसऱ्या विद्यापीठांनी ऑक्टोबरमध्ये कार्यक्रम ठेवले, तर त्यातले काही झूमनं तसेच बंद पाडले. खालिद यांच्याविषयी कुणाचं काहीही मत असू दे. विद्यापीठात कोण बोलेल हा निर्णय विद्यापीठाबाहेरच्या व्यापारी कंपनीनं घेतला, तोही अपील करायला जागा न ठेवता, हे मला त्यात सर्वात गंभीर वाटतं. प्राध्यापकांनी गदारोळ केल्यावर झूमनं एप्रिल २०२१ मध्ये उच्च शिक्षणासाठी वेगळं धोरण आणलं. आता संस्थेच्या कार्यक्रमांबाबत मुख्यतः यजमानाकडून किंवा खात्याच्या मालकाकडून तक्रार आली तरच कंपनी लक्ष घालते. कंपन्यांना नियम बदलायला लावता येतात, एवढं यातून नक्की दिसलं.

आपल्याकडे त्याच सुमारास सरकारनं पडद्याला दार बसवायचा प्रयत्न केला. पूर्वी परदेशी अभ्यासकाला बोलवायचं तर विमानाचं तिकीट, व्हिसा, राहण्याची सोय, निधीची मंजुरी असं सगळं लागायचं. वेबिनारमुळे हे सगळं गळून पडलं. तालुक्याच्या गावातल्या इतिहास विभागाला लंडनच्या अभ्यासकाचं व्याख्यान फुकटात ठेवता येऊ लागलं. मग १५ जानेवारी २०२१ ला केंद्रीय शिक्षण मंत्रालयाचं पत्रक आलं. सरकारी अनुदानावरच्या संस्थांनी आंतरराष्ट्रीय ऑनलाइन परिषदांसाठी आधी परवानगी घ्यावी, आणि देशाची सुरक्षा, सीमाभाग, ईशान्य भारत, जम्मू-काश्मीर, लडाख किंवा देशाच्या अंतर्गत बाबींशी थेट संबंधित असे विषय टाळावेत. अंतर्गत बाब या शब्दांत काय मावत नाही? शेती, पाणी, निवडणुका, साथीचे रोग, सगळंच येतं. भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि भारतीय विज्ञान अकादमी या दोन्ही संस्थांनी सरकारला लिहून कळवलं की, अशानं विज्ञानाची देवाणघेवाणच थांबेल. फेब्रुवारीत ते पत्रक मागे घेण्यात आलं.

पत्रक मागे गेलं तरी धाक उरला. त्याच वर्षी जुलैअखेर मध्य प्रदेशातल्या सागर इथल्या केंद्रीय विद्यापीठानं एका अमेरिकी विद्यापीठाबरोबर वेबिनार ठरवला होता. विषय होता, वैज्ञानिक दृष्टिकोन रुजण्यातले सांस्कृतिक आणि भाषिक अडथळे. एका विद्यार्थी संघटनेनं वक्त्यांवर आक्षेप घेतला, जिल्हा पोलिसांनी विद्यापीठाला इशारेवजा पत्र पाठवलं आणि सागरच्या विद्यापीठानं ऐनवेळी अंग काढून घेतलं. परदेशी विद्यापीठानं आपल्या बाजूनं कार्यक्रम केला. वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणं हे आपल्या घटनेच्या ५१-अ कलमात नागरिकाचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे, हे इथे आठवल्याशिवाय राहवत नाही.

संशोधनाची गोष्टही बरीचशी अशीच आहे. पूर्वी शोधनिबंध नियतकालिकाकडे जायचा, दोन-तीन जाणकार तो गुपचूप तपासायचे, आणि वर्ष-दोन वर्षांनी छापून आला की शंभर-दोनशे लोक वाचायचे. आता कच्चा मसुदाच आधी इंटरनेटवर ठेवायची पद्धत पडली आहे. त्यानं ज्ञान लवकर पोचतं, चुका लवकर सापडतात. पण जाणकारांच्या आधी तो ट्विटरवर पोचतो. जुलै २०२३ मध्ये अशोका विद्यापीठातल्या अर्थशास्त्राच्या एका अध्यापकाचा २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या आकडेवारीवरचा मसुदा असाच चर्चेत आला. तो बरोबर की चूक, हे ठरवायला संख्याशास्त्र कळणाऱ्यांना काही महिने लागले असते. विद्यापीठानं ऑगस्टच्या पहिल्या दिवशी समाजमाध्यमावर लिहून हात झटकले. त्याच महिन्यात लेखकानं राजीनामा दिला आणि त्यांच्या पाठोपाठ विभागातल्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांनीही.

आता मालकीचा प्रश्न, ज्याच्याकडे आपल्या प्राध्यापकांचं फारसं लक्ष गेलेलं नाही. कॅनडात माँट्रियलच्या कॉनकॉर्डिया विद्यापीठात कलेतिहासाचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम होता. जानेवारी २०२१ मध्ये एका विद्यार्थ्याला त्यातली व्याख्यानं फार आवडली. काही विचारावं म्हणून त्यानं सरांचा ईमेल पत्ता शोधला, तर त्याला त्यांच्या निधनाची बातमी सापडली. फ्राँस्वा-मार्क गान्यों मार्च २०१९ मध्येच वारले होते. त्यांची रेकॉर्ड केलेली व्याख्यानं चालू होती आणि शंकांची उत्तरं, तपासणी वगैरे दुसरी माणसं करत होती. त्या विद्यार्थ्याला आपण फसवले गेलो असं वाटलं, आणि ते साहजिक आहे.

आपल्याकडे टाळेबंदीत शेकडो प्राध्यापकांनी आपली लेक्चर रेकॉर्ड करून महाविद्यालयाच्या यूट्यूब चॅनलवर टाकली. ती कुणाची? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं १७ वं कलम सांगतं की, नोकरीचा भाग म्हणून तयार केलेल्या कृतीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. हा वेगळा करार कुणी केलाय, असं स्टाफरूममध्ये विचारून पाहा. व्याख्यान एकदा संस्थेच्या सर्व्हरवर गेलं की ते पुढच्या वर्षी वापरायचं, कापायचं की काढून टाकायचं, हे बोलणाऱ्याच्या हाती राहीलच असं नाही.

याला जोडूनच ‘स्वयम्’ येतं. केंद्र सरकारनं जुलै २०१७ मध्ये सुरू केलेलं ऑनलाइन अभ्यासक्रमांचं हे व्यासपीठ मी मनापासून चांगलं मानतो. आयआयटी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या शिक्षकांचे ‘एनपीटेल’चे व्हिडिओ तर २००३ च्या उपक्रमातून आलेले, आणि त्यांच्यावर अभियांत्रिकीच्या कित्येक पिढ्या तरल्या आहेत. प्रश्न आहे तो प्रमाणाचा. २०१६ च्या नियमानुसार एका सत्रातले २० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’वरून घेता येत होते. २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं ही मर्यादा ४० टक्के केली. महाविद्यालयात शिक्षकाचं पद टिकतं ते वर्कलोडवर. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास शिकवायला हवेत. एखाद्या लहान विभागात दोन विषय ऑनलाइन गेले, की तास कमी पडतात, आणि रिकामी जागा भरायला मंजुरी मिळण्याची शक्यता आणखी मावळते. आधी पुरवणी म्हणून आलेला व्हिडिओ हळूहळू माणसाची जागा घेतो.

अमेरिकेत सॅन होजे स्टेट विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागानं २०१३ मध्ये यावर भूमिका घेतली. हार्वर्डचे प्रख्यात प्राध्यापक मायकेल सँडेल यांचा न्यायावरचा ऑनलाइन अभ्यासक्रम आपल्या वर्गात लावायला त्यांनी नकार दिला आणि सँडेल यांनाच खुलं पत्र लिहिलं. सँडेल उत्तम शिकवतात, याबद्दल त्यांना शंका नव्हती. देशभरच्या तत्त्वज्ञान विभागांत न्यायावरचं एकच व्याख्यान लागणार, ही कल्पनाच त्यांना भयंकर वाटली. न्याय म्हणजे काय, हा प्रश्न ऊसतोड कामगारांच्या मुलांसमोर आणि दक्षिण मुंबईतल्या मुलांसमोर सारख्याच उदाहरणांनी मांडता येत नाही. बीडच्या वर्गात काय उदाहरण द्यायचं हे ठरवणं, हाच अध्यापनाच्या स्वातंत्र्याचा गाभा आहे.

तपासणीचं काय? मुंबई विद्यापीठानं २०१७ च्या उन्हाळ्यात एका फटक्यात सगळ्या परीक्षांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरवलं. ४७७ परीक्षा आणि १७ लाखांहून जास्त उत्तरपत्रिका. पुरेशी तयारी नाही, प्रशिक्षण नाही, स्कॅनिंगला उशीर, पानांची सरमिसळ. निकाल काही महिने लांबले, परदेशी प्रवेश हुकले, आणि ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. ऑनस्क्रीन तपासणी मुळात वाईट नाही. पण ज्यांना ती करायची होती त्या प्राध्यापकांचं ऐकून न घेता ती लादली गेली. कुठलं सॉफ्टवेअर, कधीपासून, कुणासाठी, हे निर्णय आता शिकवण्याच्या आणि तपासण्याच्या पद्धतीवर थेट परिणाम करतात. तरी ते खरेदी समितीत होतात, अभ्यास मंडळात होत नाहीत.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि तपासणीचा प्रश्न उलट्या बाजूनं उभा राहिला. आता मुलांनी लिहिलेलं मुलांनीच लिहिलंय का, हे ओळखायला दुसरं सॉफ्टवेअर घ्यायचं. ही सॉफ्टवेअरं काम कशी करतात ते समजून घेणं महत्त्वाचं आहे. ती मजकूर वाचतात आणि प्रत्येक शब्दानंतर पुढचा शब्द किती अपेक्षित होता ते मोजतात. यंत्र साधारणपणे सर्वात अपेक्षित शब्द निवडतं. त्यामुळे मजकुरात अनपेक्षित शब्द कमी असले की तो यंत्राचा, असा अंदाज बांधला जातो. आता मराठी माध्यमातून आलेल्या, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीचा इंग्रजी निबंध डोळ्यांसमोर आणा. तिला येणारे शब्द मोजके. वाक्यं छोटी, पाठ्यपुस्तकात असतात तशी. तिनं सगळं स्वतः लिहिलंय, आणि नेमकं त्यामुळेच ते यंत्राला यंत्राचं वाटतं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये सात सॉफ्टवेअरं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी ‘टोफेल’ या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेल्या ९१ निबंधांपैकी सरासरी ६१ टक्क्यांहून जास्त निबंध या सॉफ्टवेअरांनी यंत्रलिखित ठरवले. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनं स्वतःचंच असं ओळखण्याचं साधन जुलै २०२३ मध्ये अचूकता कमी म्हणून बंद केलं. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठानं साधा हिशेब मांडला: वर्षाला ७५ हजार निबंध तपासले जातात, चूक एक टक्का धरली तरी साडेसातशे मुलांवर खोटा आळ येतो. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांनी ती सोय बंद करून टाकली.

इथे शिक्षकाचा अधिकार हळूच यंत्राकडे सरकतो. वर्षभर मुलीचं लेखन वाचणाऱ्या बाईंना ते तिचंच आहे हे कळतं, पण अहवालातली टक्केवारी डावलून तसं लिहून देण्याची हिंमत किती जण करतील? पीएच.डी.च्या प्रबंधांत हे आधीच घडून गेलंय. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत दुसऱ्याच्या लेखनाशी असलेल्या साम्याच्या टक्क्यांनुसार शिक्षा ठरलेल्या आहेत: १० टक्क्यांपर्यंत माफ, ६० टक्क्यांवर गेलं की नोंदणी रद्द. चोरी रोखायला नियम हवाच होता, आपल्याकडे ती बोकाळली होती. मात्र काही ठिकाणी आता मार्गदर्शक आधी टक्का पाहतो आणि मग मुद्दा, आणि विद्यार्थी टक्का खाली आणण्यासाठी बरी वाक्यं मोडून वाईट करतो.

इतकं सांगितल्यावर हेही सांगायला हवं की, वाचण्याचं स्वातंत्र्य तंत्रज्ञानानं जेवढं दिलं तेवढं आधी कशानंच दिलं नव्हतं. गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठातली संशोधक विद्यार्थिनी आज ‘शोधगंगा’वर देशभरचे प्रबंध घरबसल्या वाचू शकते. केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या ‘एक देश, एक वर्गणी’ योजनेत तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये देऊन ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिकं ६,३०० सरकारी संस्थांना खुली करायची आहेत. अनुदानित आणि विनाअनुदानित खासगी महाविद्यालयांनाही हे मिळायला हवं, कारण महाराष्ट्रात बहुसंख्य मुलं तिथेच शिकतात. झेरॉक्सच्या दुकानात पुस्तकांतल्या पाठांच्या नकला काढून बांधलेल्या गठ्ठ्यांवर परदेशी प्रकाशकांनी खटला भरला होता, तो दिल्ली उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१६ मध्ये फेटाळला. शिकवण्यासाठी केलेली नक्कल कायद्याला मान्य आहे, असं तिथे ठरलं. शिक्षकांच्या बाजूनं लागलेला हा निकाल आपल्या बऱ्याच प्राध्यापकांना अजून माहीत नाही.

मग करायचं काय? पूर्वी दारानं जे सांभाळलं ते आता लिहून सांभाळावं लागेल. वर्गात रेकॉर्डिंग शिक्षकाला सांगून करता येईल, ते अभ्यासासाठी असेल आणि बाहेर पाठवायचं नाही, असं प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत छापावं. अंध, अपंग किंवा नोकरी करून शिकणाऱ्या मुलांना ते हक्कानं मिळावं. छळाची, जातिवाचक वागणुकीची तक्रार असेल तर हा नियम आड येऊ नये. क्लिप आली तर कारवाईआधी तासाचं पूर्ण रेकॉर्डिंग किंवा वर्गातल्या मुलांचे जबाब पाहिल्याशिवाय निलंबन नाही, अशी अट संस्थेनं स्वतःवर घालून घ्यावी. ऑनलाइन व्याख्यान किती वर्षं वापरायचं आणि शिक्षक गेल्यावर त्याचं काय करायचं, याचा एक पानी करार करावा. सॉफ्टवेअरच्या अहवालावरून कुणाला दोषी धरू नये. तोंडी परीक्षा घ्यावी, कच्ची टिपणं पाहावीत. यातलं काहीही करायला संसदेचा कायदा लागत नाही. विद्या परिषदेचा आणि महाविद्यालय विकास समितीचा ठराव पुरतो.

एका गटाला मात्र या ठरावांचा उपयोग होणार नाही. आपल्या महाविद्यालयांत शिकवणाऱ्यांतले कितीतरी जण तासिका तत्त्वावर आहेत. तासाचे पैसे, नेमणूक एका शैक्षणिक वर्षापुरती. त्यांना निलंबित करावं लागत नाही, चौकशी समिती नेमावी लागत नाही, क्लिप खरी की अर्धवट हे कुणाला पाहावं लागत नाही. जूनमध्ये नव्या यादीत त्यांचं नाव नसतं, एवढंच. रिकामी पदं नियमित भरल्याशिवाय, आणि तोवर निदान या नेमणुका तीन-चार वर्षांच्या केल्याशिवाय, वर सांगितलेला एकही नियम त्यांच्यापर्यंत पोचत नाही.